निरंक

आमच्या बाबांची एक जागा आहे समुद्रात.
कुणाच्या सातबाऱ्यावर नाही.
एक झाड डोंगराच्या खांद्यावर चढलं
आणि पलीकडच्या टेकडीआडून पांढरं काहीतरी निघालं
की खाली खडप.
कुठलं झाड, पांढरं काय, किती वाव,
ते मी इथं लिहिणार नाही.

आजोबांनी ती मरताना सांगितली,
काकांना पाणी आणायला बाहेर पाठवून.
मला नाही सांगितली कुणी. मुलीला कोण सांगतं.

मला कळली मंगळवारी, सव्वाअकरा वाजता,
देवगडच्या मत्स्य कार्यालयात,
कंत्राटी ऑपरेटर म्हणून माझ्या तिसऱ्या महिन्यात.

होडीवर पेटी बसवली सरकारनं. फुकट.
फॉर्म मीच वाचून दाखवले होते जेटीवर, माश्या हाकलत:
सदर माहिती केवळ सुरक्षेच्या कारणास्तव.
इनासनं विचारलं, कुणाकुणाला दिसणार?
मी पान उलटून पाहिलं. मागं कोरं.
साहेब म्हणाले, वर.
वर म्हणजे ओरोसला, मुंबईला, की त्याच्याही वर?
साहेबांनी पेन पुढं केलं.
बाबा सही करता करता म्हणाले,
"देव पण वरसून बघता.
पण तो कोणाक सांगत नाय."

आईला मात्र यंत्र ओळखत नाही.
वीस वर्षं कोळंबी सोलून बोटं गुळगुळीत.
रेशनवर अंगठा ठेवते, पदराला पुसून पुन्हा ठेवते,
मागची रांग चुळबुळते.
समोर उभी बाई त्यांना सापडत नाही
आणि अकरा मैल आतला माणूस
दर काही मिनिटांनी सापडतो.

तर मंगळवारी.
पडदा निळा, निळ्यावर ठिपके,
एक ठिपका सगळ्यांपासून लांब, तीन तास जागचा हलला नाही.
नंबरावरून ओळखला.
कडी न वाजवता कुणाच्या मोरीत शिरावं
तसं झालं.
माझ्याच बापाच्या.

मागे गौरेश उभा होता, चहाचा कप घेऊन.
त्याच्या मेव्हण्याच्या दोन एलईडी नौका आहेत.
तो बोलला काहीच नाही. फक्त
चहा प्यायचा थांबला.

आठवड्यात त्या जागी रात्री दिवे लागले,
जत्रा भरल्यासारखे.
बाबा तीन दिवस अंगणात जाळं सांधत बसले.
न फाटलेलं जाळं.
मला काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चौथ्या पहाटे निघाले.
ठिपका दक्षिणेला गेला, जिथं नुसता चिखल,
जिथं कुणाचा आजा कधी थांबला नाही.
थांबला. चार तास.
दुसऱ्या दिवशी तिथंच, पाच तास.
डिझेल किती जळलं असेल, मी मनात हिशेब करत होते,
आणि एकदम कळलं.
हसू दाबायला टेबलाखाली वाकले,
चप्पल शोधत असल्यासारखी.

गौरेश मागे. कप हातात.

शनिवारी दोन्ही नौका परतल्या
अर्धी टोपली कचरा मासळी घेऊन.
मेव्हण्याच्या शिव्या जेटीच्या टोकापर्यंत ऐकू आल्या.

महिनाअखेरीचा तक्ता माझ्याकडे असतो.
रकाना सातवा: संशयास्पद हालचाल, असल्यास तपशील.
मी बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसले.
गौरेशचं नाव लिहावं, तर तो रकाना बोटींसाठी आहे,
बघणाऱ्यांसाठी तक्त्यात जागाच नाही.
लिहिलं: निरंक.
सही केली. शिक्का मारला, जरा जोरातच.

रात्री हात धुताना बाबांनी विचारलं,
"काय दिसला आज?"
"काय नाय."
"बरा," म्हणाले,
आणि तांबोशीचं डोकं,
जे या घरात कायम पुरुषांच्या ताटात पडतं,
माझ्या ताटात वाढलं.

कुठली तांबोशी,
मी विचारलं नाही.